काळ्या मातीच्या कडेने: नागपूर परिसरातल्या भट्ट्यांचे चार दिवस

नागपूर दोन जमिनींच्या सांध्यावर वसलेले आहे. पश्चिमेला काटोल-हिंगण्याच्या बाजूने काळा दगड आणि त्याची काळी माती. उत्तरेला नि पूर्वेला, कामठी-कन्हान-रामटेककडे, वालुकाश्म, जुना स्फटिकी खडक आणि नद्यांचा गाळ. जुन्या महसुली कागदांत जमिनीच्या जाती लिहिलेल्या सापडतात: काळी, मोरंड (काळीहून हलकी, चुनखडीचे खडे असलेली), खरडी, बरडी, कछार. शेतकऱ्याच्या लेखी काळी पहिली. वीटवाल्याचा क्रम वेगळा असतो. त्याला कछार हवी, म्हणजे नदीकाठची गाळाची माती. काळी पदरात पडली, तर तिच्यात काय मिसळायचे याचा शोध त्याला घ्यावा लागतो. इथल्या कुंभारकामाला आणि वीटकामाला जे वळण लागले, ते बरेचसे या शोधातून लागले.

हंगाम सांभाळून निघावे. वीटभट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि पावसाच्या तोंडावर विझतात. जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. एप्रिलनंतर भट्टीच्या माथ्यावर पाय ठेववत नाही. सोबत मोजपट्टी, भिंग, झाकणाची काचेची बाटली, दोन लिंबे आणि जाड तळव्याचे बूट असू द्यावेत.

पहिला दिवस: शहर

सकाळ अजब बंगल्यात. १८६३ साली स्थापन झालेले हे मध्यवर्ती संग्रहालय. पुरातत्त्वाचे दालन आधी पाहावे, कारण विदर्भातल्या कुंभारकामाची सुरुवात शिळावर्तुळांपर्यंत, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांपर्यंत, मागे जाते. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथल्या उत्खननांत काळी-तांबडी भांडी मिळाली: आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी. दोन रंग लावलेले नाहीत, माती एकच आहे. सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण असे, की भांडे पालथे ठेवून भाजले. आतल्या बाजूला हवा पोहोचली नाही म्हणून तिथले लोह काळे राहिले, काजळी मुरली. बाहेर हवा लागली, तिथे लोह गंजून तांबडे झाले. आगीला हवा किती द्यायची, हे ज्ञान इथे अडीच हजार वर्षांहून जुने आहे.

दुपारनंतर कुंभार वस्ती. इथे घाई करू नये.

कुंभाराची माती एक नसते, दोन किंवा तीन असतात. तलावाच्या किंवा बोडीच्या (लहान तळ्याच्या) तळाची चिकट माती अंग देते, पण एकटी वापरली तर वाळताना फाटते. म्हणून तिच्यात रेताड माती, चाळलेली राख आणि घोड्या-गाढवाची लीद मिसळतात. लिदीतले बारीक तंतू ओल्या भांड्याला धरून ठेवतात आणि भाजताना जळून जातात. त्यांच्या जागी राहिलेली सूक्ष्म भोके माठाला पाझर देतात. माठ गार होतो तो या पाझरामुळे. बाहेर आलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी, म्हणून माठ उत्तम चालतो. जुलैत तोच माठ बाहेरून नुसता ओला राहतो आणि पाणी कोमटच लागते. दोष माठाचा नाही, हवेचा आहे.

माती चिकट किती, ते पाहायला सोपी रीत आहे. मळलेल्या मातीची पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारायची, पट्टी सावलीत पूर्ण वाळवायची आणि रेघ पुन्हा मोजायची. ९.३ भरली तर आकसणे ७ टक्के, काम चालेल. ८.८ भरली तर माती जड आहे, रेती वाढवावी. निव्वळ काळी माती या परीक्षेत बहुधा नापासच होते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीची आहे. उन्हाळ्यात काळ्या शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच छोट्या प्रमाणात भांड्याला होते.

मोठा माठ चाकावर पूर्ण होत नाही. चाकावर तोंड आणि खांदा होतो. खालचा भाग मुद्दाम जाड ठेवलेला असतो. थोडा सुकला, की आतून दगडाचा गोळा लावायचा आणि बाहेरून लाकडी थापीने ठोकत पोट वाढवायचे. हे दोन-तीन टप्प्यांत होते आणि मधल्या वेळी भांडे सावलीत. फार ओले असताना ठोकले तर पोट खाली बसते. फार सुकले तर ठोक्यागणिक बारीक चीर पडते. ती चीर दिसत नाही, आव्यात, म्हणजे भांडी भाजण्याच्या भट्टीत, उघडते. विजेच्या चाकाने पणत्या आणि कुंड्यांचा वेग खूप वाढवला. माठाचे ठोकणे मात्र अजून हाताचे आहे आणि ते ज्याला येते तोच खरा माठवाला.

आवा जमिनीवरच रचतात. खाली गोवऱ्या आणि लाकूड, त्यावर भांडी, मोठी आत आणि लहान फटींत, वरून तणस (भाताचा पेंढा) आणि त्यावर मातीचा लेप. लेपाला मधेमधे भोके. पहिले काही तास आग अगदी मंद ठेवावी लागते. भांड्यात ओल राहिली असेल, तर शंभर अंशांच्या पुढे वाफ कोंडते आणि पापुद्रा उडतो, आवाज बाहेर ऐकू येतो. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या घडणीतच बांधलेले पाणी निघून जाते. इथून पुढे ती पाण्यात विरघळत नाही, मातीचे मडके होते. ५७३ अंशांना रेतीतला गारगोटीचा कण एकदम फुगतो आणि थंड होताना त्याच ठिकाणी आकसतो. म्हणून गरम आवा घाईने उघडला की भांडी तडकतात. टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला तर ही तडकच असते.

आवा ७०० ते ८५० अंशांपर्यंत जातो. ही मर्यादा मोरंड मातीतल्या चुनखडीच्या खड्यांसाठी महत्त्वाची आहे. त्याचा खुलासा उद्या भट्टीवर.

वर्षाची कामे सणांवर बांधलेली: पोळ्याचे बैल, भुलाबाई, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी, अक्षय तृतीयेचे करा-केळी, आणि फेब्रुवारीपासून माठ. परतताना महालातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, थांबलो. इथल्या मूर्तींची माती भाजत नाहीत. तणसाचा सांगाडा, सुतळीने घट्ट बांधलेला, त्यावर मातीचे थर, प्रत्येक थर सुकल्यावर पुढचा. भेग पडली तर तिच्यात नुसती ओली माती भरून उपयोग नाही, ती पुन्हा आकसून सुटते. कापडाची पट्टी पातळ मातीत भिजवून चिकटवावी लागते.

दुसरा दिवस: कामठी, कन्हान आणि लाल वीट

कामठीचा रस्ता धरला, की जमीन बदलू लागते. कामठी नावाचा वालुकाश्म भूशास्त्रात देशभर ओळखला जातो तो याच गावावरून. कन्हानच्या काठाला गाळाची माती आणि जवळच दगडी कोळशाच्या खाणी. माती, पाणी, जळण आणि शहराचे गिऱ्हाईक एका ठिकाणी आले म्हणून कामठी, मौदा, पारशिवनी तालुक्यांत भट्ट्या रुजल्या.

भट्टीवर पहिली परीक्षा बाटलीची. मूठभर माती आणि पाणी घालून बाटली खूप हलवायची आणि ठेवून द्यायची. मिनिटभरात रेती बसते, तास-दोन तासांत गाळ, आणि चिकणमातीला दिवस लागतो. चिकणमाती साधारण पाव ते तिसरा हिस्सा असावी. दुसरी परीक्षा लिंबाची. मातीतला पांढरा खडा काढून त्यावर रस पिळायचा. फसफसला तर चुनखडी.

वीटवाल्याचा खरा शत्रू ही चुनखडी. बारीक पूड होऊन मिसळली असेल तर फारसे बिघडत नाही. वाटाण्याएवढा खडा राहिला तर मात्र घात होतो. ८०० ते ९०० अंशांच्या दरम्यान त्याचा कळीचा चुना होतो. वीट भट्टीतून निघते तेव्हा धडधाकट दिसते. पुढे हवेतला ओलावा किंवा भिंतीवर मारलेले पाणी आत पोहोचले, की चुना फुगतो आणि विटेचा टवका उडवतो. खाली पांढरा ठिपका दिसतो. कुंभाराचा आवा बहुतेक वेळा या तापमानाच्या अलीकडेच थांबतो, म्हणून तोच खडा मडक्यात निमूट पडून राहतो. जी माती कुंभाराला चालते ती वीटवाल्याला चालेलच असे नाही, याचे हे कारण. उपाय दोन. माती चाळणे किंवा दळणे हा खरा. दुसरा, निघालेल्या विटा लगेच पाण्यात पूर्ण बुडवणे, म्हणजे चुना फुगण्याआधी विरून जातो. नुसते शिंपडले तर उलटे होते.

माती आदल्या संध्याकाळी खणून, पाणी सोडून, रात्रभर मुरवतात आणि पहाटे तुडवतात. थापणारा साच्याला रेती लावतो, मातीचा गोळा जोराने आपटून भरतो, वरची माती तारेने किंवा फळीने कापतो आणि साचा उलटा करतो. गोळा हळू टाकला तर कोपरे भरत नाहीत. नेहमीची वीट ९ बाय साडेचार बाय ३ इंच, भाजल्यावर तीन किलोच्या आसपास. साचा मात्र ९ इंचांपेक्षा मोठा असतो, वाळण्यात आणि भाजण्यात जाणारी लांबी त्यात आधीच धरलेली असते. माती बदलली आणि साचा तोच ठेवला, तर विटेचे माप चुकते. गिऱ्हाईक भट्टीवाल्याला दोष देते, पण चूक पुष्कळदा मातीच्या खेपेत असते.

नवरा-बायकोची जोडी दिवसाला हजाराच्या आसपास विटा थापते. मजुरी हजारी, म्हणजे दर हजार विटांमागे. हंगामाआधी उचल, मग हिशेब. पाऊस आला तर कच्च्या विटा चिखल होतात आणि त्या दिवसाची मजुरीही पुष्कळ ठिकाणी त्याच चिखलात जाते. फेब्रुवारी-मार्चची गारपीट विदर्भात नवी नाही. प्लास्टिकचे कापड आणि कच्च्या विटांच्या खळ्याला थोडा उतार, एवढ्या दोन गोष्टींनी नुकसान निम्म्यावर येते. हा खर्च भट्टीवाल्याने करायचा असतो, थापणाऱ्याने नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वीट आधी आडवी, एक-दोन दिवसांनी कडेवर उभी, मग जाळीदार रचून आठ-दहा दिवस. वाऱ्याच्या बाजूची वीट लवकर वाळते आणि वाकते, म्हणून त्या बाजूला तट्टा लावतात.

साधी भट्टी म्हणजे विटांचाच ढीग. तळाला भाजक्या विटांची रांग आणि तिच्यात जाळाची तोंडे, वर कच्च्या विटांचे थर, थरांमध्ये कोळसा आणि भाताचा कोंडा, बाहेरून मातीचा लेप. भंडाऱ्या-गोंदियाच्या गिरण्यांमुळे कोंडा या भागात मुबलक. आग खालून वर चढत जाते, दोन-तीन आठवडे लागतात. भाजणारा वरून भट्टी किती बसली ते पाहतो. सगळीकडे सारखी बसली तर भाज सारखी. एक कोपरा उंच राहिला, तर तिथे आग पोहोचली नाही आणि तिथल्या विटा पिवळ्या, कमी भाजलेल्या निघणार. उलट, जाळाच्या तोंडाशी आणि मधोमध विटा वितळून एकमेकींना चिकटतात, त्यांना खंगर म्हणतात. खंगराचा तुकडा भिंगाखाली धरावा. काळा-हिरवट, चकचकीत, बुडबुड्यांनी भरलेला. ती काच आहे. मातीतली रेती राखेतल्या क्षारांमुळे वितळून झालेली, कुणी ठरवून न केलेली. खंगर भिंतीला चालत नाही, कारण चुना-सिमेंट त्याला धरत नाही. पायाच्या भरावात मात्र उत्तम.

चांगली वीट ओळखायची तर दोन विटा एकमेकींवर आपटाव्यात, खणखणीत आवाज यावा. नखाने ओरखडा पडू नये. कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात बुडवावी आणि पुन्हा तोलावी. सर्वसाधारण विटेचे वजन २० टक्क्यांहून जास्त वाढू नये, असे भारतीय मानक सांगते. मग ती उभी करून खालचा इंचभर भाग पाण्यात ठेवून सुकू द्यावी. पांढरी भुकटी आली तर क्षार आहेत, भिंतीला लोणा लागेल.

दुपारनंतर चिमणीच्या भट्टीवर. इथे विटा जागच्या जागी राहतात आणि आग खंदकातून पुढे सरकते. मागच्या तापलेल्या विटांवरून येणारी हवा गरम होऊन जाळाला मिळते, पुढे जाणारा धूर कच्च्या विटा तापवतो. विल्यम बुल यांनी ही खंदकाची रीत १८७६ च्या सुमारास आणली. तिचीच सुधारणा म्हणजे नागमोडी भट्टी: विटा अशा रचायच्या, की हवेला सरळ जाता येऊ नये. वाट लांबते, कोळसा पूर्ण जळतो. ढिगाच्या भट्टीत एक किलो विटेला २ ते ४ मेगाज्यूल उष्णता जाते, नागमोडीत एकाच्या आसपास. २२ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने अशा सुधारित भट्ट्या बंधनकारक केल्या, आणि हवा खराब असलेल्या शहरांच्या १० किलोमीटर परिसराला एका वर्षाची मुदत दिली. नागपूर त्या यादीत आहे. पण नुसती रचना बदलून काम होत नाही. कोळसा थोडा थोडा आणि सतत टाकावा लागतो. एकदम मोठे फावडे ओतले, की चिमणी काळी ओकते आणि सगळा फायदा धुरात जातो.

तिसरा दिवस: राखड, मग मनसर

कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राखड हा नागपूरच्या वीटकामातला सर्वांत मोठा बदल. राखड म्हणजे नुसती जळकी धूळ नव्हे. कोळशातली माती केंद्राच्या भट्टीत वितळते, धुराबरोबर उडते आणि हवेतच गोठते. तिचे बहुतेक कण काचेचे सूक्ष्म गोळे असतात.

१४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा करणाऱ्यांना मातीत वजनाने किमान २५ टक्के राखड घालणे सक्तीचे केले. पुढे ही हद्द १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाली. इथल्या काळ्या मातीला ती औषधासारखी लागू पडली. राखड आकसत नाही, त्यामुळे वाळतानाच्या भेगा कमी होतात. तिच्यातला न जळलेला कोळसा विटेच्या पोटातूनच उष्णता देतो. प्रमाण हाताबाहेर गेले, की कडा भुगा होऊ लागतात, कारण कण धरून ठेवायला चिकणमातीच उरत नाही.

न भाजता केलेली करडी वीट निराळी. राखड ५५ ते ६० टक्के, दगडाची चुरी किंवा रेती २० ते २५, चुना १० ते २० आणि जिप्सम ५ च्या आसपास. काही जण चुन्याऐवजी सिमेंट घालतात. यंत्रात दाबून दोन-तीन आठवडे पाण्यावर पिकवायची. चुना आणि काचेचे गोळे यांची ओलीतच सावकाश गाठ बसते. इथेच बहुतेकांची घाई होते. चौथ्या-पाचव्या दिवशी वीट हाताला कडक लागते आणि ट्रक भरला जातो. मग भिंतीत वीट आकसत राहते आणि गिलाव्याला जिन्यासारख्या चिरा पडतात. घेताना वीट केव्हा दाबली ती तारीख विचारावी. चुना न विझवता घातला असेल, तर कालचा टवका उडण्याचा प्रकार इथेही होतो.

खसाळा आणि वारेगावचे राखड बंधारे रस्त्यावरून दिसले. वारा सुटला, की आसपासच्या गावांत अंगणातली भांडी करडी होतात. ही राखड विटेत जायला हवी, एवढेच तिथे उभे राहून वाटते.

तिथून मनसर, नागपूरच्या ईशान्येला पंचेचाळीसेक किलोमीटर. पारशिवनीच्या बाजूला नायकुंड, जिथे इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी आणि भात्याच्या मातीच्या नळ्या मिळाल्या. लोहाराची भट्टीही शेवटी कुंभाराच्या मातीवर उभी असते.

मनसरच्या हिडिंबा टेकडीवर जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांनी १९९८ पासून उत्खनन केले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले, प्रवरेश्वराचे देऊळ इथे होते असे मानतात. ‘प्रवरेश्वरस्य’ अक्षरांच्या मातीच्या मुद्रा इथेच मिळाल्या. पाहायचे ते विटांचे कप्पे. टेकडीचा माथा पुरत नव्हता, म्हणून उतारावर विटांच्या चौकोनी पेट्या बांधून त्या मातीने भरल्या आणि वर सपाटी केली. एकच उंच भिंत घातली असती, तर पावसात मागची माती फुगून ती बाहेर पडली असती. कप्प्यांत तो दाब वाटला जातो. ज्यांनी हे केले त्यांना या मातीचा स्वभाव पक्का माहीत होता.

वीट मोजून पाहावी. लांबी-रुंदीने ती आजच्या विटेला लाजवते, जाडी मात्र जवळपास आजच्याएवढीच. लांबी राजाच्या किंवा गवंड्याच्या मर्जीने वाढते. जाडी वाढत नाही, कारण पाणी आणि आग दोन्ही जाडीतूनच ये-जा करतात. वीट जाड केली की पोटात ओल राहते आणि भाजताना ती फुटते. मोडक्या कडेवर भिंग धरावे, अशा जुन्या विटांत भाताच्या तुसाचे ठसे पुष्कळदा दिसतात. कुंभाराच्या लिदीचे काम इथे तूस करते. जागा संरक्षित आहे, तुकडा उचलू नये.

चौथा दिवस: भद्रावती

नागपूर-बल्लारशा मार्गावर भांदक स्टेशन, तेच भद्रावती. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांबरोबर उच्च तापाला टिकणारी माती सापडते. गांधीवादी कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी इथे ग्रामोदय संघ उभा करून कुंभारांना सुधारलेली भट्टी, निवडलेली माती आणि झिलई शिकवली. कुंभाराने फक्त मडक्यावर जगू नये, या आग्रहामागे मोठी दूरदृष्टी होती.

झिलई म्हणजे मातीवर बसवलेली काच. काच म्हटली की १९०८ चा तळेगावचा पैसा फंड कारखाना आणि १९१६ ची ओगलेवाडी आठवते. तिथली काच रेती, सोडा आणि चुना यांची. निव्वळ रेती वितळायला १७०० अंश लागतात. सोड्याने ते काम १४००-१५०० वर येते, आणि चुना नसेल तर ती काच पाण्यात झिजते. झिलईत याशिवाय चिकणमाती घालावी लागते, नाहीतर वितळलेली काच उभ्या बरणीवरून ओघळून तळाशी फळीला चिकटते. दगडी भांड्याची, म्हणजे दगडासारख्या कडक भाजलेल्या मातीच्या भांड्याची, भट्टी १२०० ते १२५० अंशांची, म्हणजे आव्यापेक्षा चारशे अंश वर. काळी माती एवढ्या तापात उभीच राहत नाही, तिचा खंगर होतो.

दोष तीन पाहावेत. झिलईवर जाळीसारख्या बारीक रेघा असतील, तर थंड होताना ती खालच्या मातीपेक्षा जास्त आकसली आहे. झिलई गोळा होऊन मधे उघडी जागा राहिली असेल, तर लावताना भांड्यावर धूळ किंवा तेलकट हात होता. टाचणीएवढी भोके असतील, तर आतला वायू निघण्याआधी भट्टी विझवली.

लोणच्याची बरणी घेताना आतल्या बाजूला शाईचा थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसावा. डाग गेला तर बरणी घ्यावी. रेघांत शाई मुरली, तर मीठ आणि आंबटपणाही मुरणार. अशा बरणीत धान्य ठेवावे, लोणचे नको. शेवटी तळाची झिलई नसलेली कड ओल्या बोटाने तपासावी. पाणी चटकन शोषले तर बरणी कमी भाजलेली आहे, पुढची उचलावी.